काटा दहाच्या वर

११ ऑगस्ट

बसवलं. चाललं. अजून खरं वाटत नाहीये.

इंग्लिशमध्ये लिहायला बसले तर प्रोजेक्ट रिपोर्ट व्हायला लागला, म्हणून मराठीत. स्पेलिंगच्या चुका माझ्या, बघणारं कोणी नाही.

सेल डब्याएवढा आहे. ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी, आत स्टीलच्या अकरा प्लेट्स, पाणी, आणि बॅटरीची वायर. करंट सोडला की पाण्याचे बुडबुडे होतात, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. तो गॅस पाइपने इंजिनच्या हवेच्या नळीत. पेट्रोल कमी लागणार. बेसिकली बाबांची स्कूल व्हॅन थोडीशी पाण्यावर चालणार.

प्लेट्स काकाने दिल्या. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, फॅब्रिकेटर. आयुष्यभर लोखंडी गेट आणि ग्रिल केली, आणि आत्ता कुठे हॉस्पिटलच्या किचनचं स्टीलचं काम मिळालंय. त्या कामासाठी आणलेल्या पत्र्यातून माझ्या अकरा काढल्या. म्हणाला, "तीनशे सोळा ग्रेडचं स्टील आहे, इंजिनिअर मॅडम. याच्या वरचं मागशील तर माझ्याकडे नाही."

बाबांना दोन नियम लिहून दिले. एक, पाणी फक्त डिस्टिल्ड, रोज सकाळी खुणेपर्यंत. दोन, डॅशबोर्डवर लावलेल्या करंटच्या मीटरचा काटा दहाच्या खाली जाऊ द्यायचा नाही. नुसत्या पाण्यातून करंट जात नाही म्हणून त्यात पोटॅशचे दाणे टाकलेत. ते हाताला लागले तर कातडी जळते, त्यामुळे डबा माझ्या कपाटात कुलपात. बाबांनी नियमांचा कागद सन-व्हायझरला टेपने चिकटवला.

"दहाच्या वर," ते म्हणाले. "ठरलं."

दुसरी न्यूज: बाबांचं बीपी वाढलंय. आईने मीठ जवळजवळ बंद केलं. दुपारच्या डब्यात काकडी आणि उकडलेली अंडी, सोबत मिठाची पुडी, ती पण चिमूटभर. बाबा पुडीकडे बघून म्हणाले, "ही खायला दिलीय की दाखवायला?"

१९ ऑगस्ट

आधी लिटरला १२.४ किलोमीटर. या आठवड्यात १३.९!!! तीनदा हिशोब केला.

शाळेबाहेर सगळ्या व्हॅन लागतात तिथे बाबांनीच बोनेट उघडून दाखवलं. लांबू (बाबांसारखाच व्हॅनवाला, सहा फुटांचा, व्हॅनमधून उतरताना घडी उलगडतो) म्हणाला, "म्हणजे आता पंपावर नाही, नळावर लाइन लावायची?" हसले सगळे, पण नऊ जणांना हवाय. लांबू धरून दहा. काका करून देणार. काका मला म्हणाला, "किचन झालं, मग हे. लोक आता मला गेटवाला म्हणणार नाहीत बघ."

एका मुलाच्या आईने तक्रार केली की व्हॅन हल्ली आठ मिनिटं उशिरा येते. बाबा म्हणाले ट्रॅफिक.

३ सप्टेंबर

परीक्षा. व्हॅनकडे बघायला वेळ नाही. सकाळी बाबा दारात येऊन उभे राहिले. मी मान वर न करता म्हटलं, "काय?"

"काही नाही. ते काट्याचं…"

"बाबा, प्लीज. काटा बघणं एवढंच तुमचं काम आहे ना? तेवढं करा. मॅथ्स आहे उद्या."

"हो हो. तू वाच."

६ सप्टेंबर

घरात मिठावरून महाभारत. आईचं म्हणणं, आठवड्याची बरणी चार दिवसांत संपतेच कशी. बाबांचं म्हणणं, मला काय माहीत. आई म्हणाली, "अहो, तुम्ही चोरून खाताय. डॉक्टरला तोंड मी दाखवते."  पन्नाशीचा माणूस मीठ चोरताना पकडला गेला, मी आतल्या खोलीत हसत होते. मग दार लावून घेतलं, फिजिक्स राहिलंय.

१० सप्टेंबर

पेपर संपले. धावत जाऊन बोनेट उघडलं.

पाणी चहासारखं झालंय. दूध न घातलेल्या, जास्त उकळलेल्या चहासारखं. वर घाणेरडा फेस, खाली लालसर गाळ. आणि वास, ओळखीचा पण आठवेना. मग आठवलं, स्विमिंग पूल.

बाबा शेजारी उभे होते. "काटा एकदा पण खाली गेला नाही," ते म्हणाले. "उलट बारावर असतो हल्ली."

खरंच बारावर होता. मीटर ठीक, गॅस येतोय, फक्त पाणी सडलंय. पाणी सडतं का?

१४ सप्टेंबर

आतापर्यंत काय काय केलं:

डिस्टिल्ड पाण्याचा कॅन बदलला. सेल उघडून प्लेट्स घासल्या, ब्रशने, मग कपड्याने. करंट कमी केला. वायरचं कनेक्शन तपासलं. पेटीच्या कडेचं रबर बदललं, तोच रंग सोडत असेल म्हणून.

ताजं पाणी भरलं की पहिला दिवस स्वच्छ. दुसऱ्या दिवशी पिवळट. तिसऱ्या दिवशी परत चहा. काढलेलं पाणी गच्चीतल्या कुंडीत ओतलं होतं, ते झाड मेलं. आई तीन दिवस बोलत नाहीये. बाबांना विचारलं, पाणी तुम्हीच भरता ना, दुसरं कोणी हात लावत नाही ना. म्हणाले, "दुसऱ्याला जवळपण येऊ देत नाही. रोज मी स्वतः. तू सांगितलंस तसंच."

मग राहिलं काय? प्लेट्स.

१८ सप्टेंबर

रात्रभर फोरम वाचले. जगभरातल्या लोकांचं पाणी चहासारखं होतं आणि सगळे एकच सांगतात: स्टील हलकं आहे. खरं तीनशे सोळा असेल तर मॅग्नेट चिकटत नाही.

फ्रिजवरचं मॅग्नेट दोऱ्याला बांधून प्लेटजवळ धरलं. मधे काही नाही. कडेला नेलं आणि ते हललं. थोडंसं, पण प्लेटकडे हललं. अकराच्या अकरा प्लेट्सच्या कडेला.

मला रडू आलं. दुकानदाराने फसवलं असतं तर एवढं वाटलं नसतं. काकाने मला सायकल शिकवली.

२१ सप्टेंबर

झालं ते लिहून ठेवते.

काका शाळेबाहेरच्या व्हॅन स्टँडवर आला होता, दहा जणांच्या पेट्यांची मापं घ्यायला. टेप घेऊन लांबूच्या बोनेटमध्ये वाकलेला. मी त्याला बाजूला घ्यायला हवं होतं. पण मी तीन दिवस हेच डोक्यात घेऊन फिरत होते, आणि लांबूने विचारलं, "काय गं, तुझा चहा झाला का तयार?" आणि सगळे हसले.

मी प्लेट आणि दोरा काढला. सगळ्यांसमोर मॅग्नेट धरलं. ते कडेला जाऊन टेकलं. म्हटलं, "काका, हे तीनशे सोळा नाहीये."

काका म्हणाला, "कापलेल्या कडेला थोडं ओढतंच. कात्रीचा दाब असतो."

"सगळे सप्लायर हेच सांगतात," मी म्हटलं. हे मी फोरमवर वाचलेलं वाक्य होतं.

त्याने प्लेट हातात घेतली. चष्मा वर करून डोळ्याजवळ धरली. नखाने खरवडली. प्लेटवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. मग नाकाजवळ नेली. मला वाटलं, आता काहीतरी सबब सांगणार.

"पाण्यात दुसरं काही पडतं का?" त्याने विचारलं.

"नाही. डिस्टिल्ड आणि माझे दाणे, बस. बाबा स्वतः भरतात रोज."

 काकाने मान वळवून बाबांच्या व्हॅनकडे बघितलं. बाबा काच पुसत होते, आमच्याकडे पाठ करून. बराच वेळ तो बघत राहिला. मग प्लेट माझ्या हातात परत दिली, टेप गुंडाळला आणि म्हणाला, "चुकलं असेल माझं. पत्रा बदलून आला असेल."

लांबूने लगेच विचारलं, "मग आमच्या पेट्यांचं काय?"

मी जिंकले होते. प्लेट आणि दोरा पिशवीत टाकून निघाले.

२२ सप्टेंबर

काल रात्री बाबांनी काकाला फोन केला. गच्चीत जाऊन. परत आले तेव्हा कान लाल होते. आईने विचारलं काय झालं, तर म्हणाले, "पोरीला फसवतो. माझ्या पोरीला." आणि जेवले नाहीत.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. बरं वाटलं.

३० सप्टेंबर

रविवारी काका आला नाही. दर रविवारी येतो, मी जन्मल्यापासून.

हॉस्पिटलच्या किचनचं काम काढून घेतलं. लांबूचा मेव्हणा तिथे स्टोअरमध्ये आहे. त्याने विचारलं म्हणे, "सख्खी पुतणी सांगते हलकं स्टील घालतो, मग आम्ही काय समजायचं?" अर्धा ओटा बसवून झाला होता. तो उखडून काम दुसऱ्याला दिलं.

हे मला आईने भाजी चिरता चिरता सांगितलं. माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, खरं होतं ते बोलले. आई म्हणाली, "मी कुठे काय म्हणतेय."

६ ऑक्टोबर

मधे नव्या प्लेट्स आल्या होत्या. मोठ्या कंपनीच्या, लेसरने कापलेल्या, सोबत सर्टिफिकेट. मॅग्नेट कुठेच हलत नाही. २९ सप्टेंबरला बसवल्या. बसवल्या तेव्हा बाबांना म्हटलं, आता बघा फरक.

आज पाणी चहासारखं आहे.

मी बोनेटसमोर तशीच उभी राहिले. बाबा म्हणाले, "हा पण चोर निघाला का?"

९ ऑक्टोबर

बाटलीत पाणी भरून कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये नेलं. सर नव्हते. लॅबवाले मामा होते. त्यांची नोकरी बाटल्या धुण्याची, पण तीस वर्षं सरांच्या मागे उभं राहून सगळं बघितलंय. त्यांनी वास घेतला, म्हणाले, "पोहायला गेली होतीस का?" मग पाणी गाळलं, थोडं ॲसिड टाकलं, आणि एका काळ्या बाटलीतून दोन थेंब सोडले.

टेस्ट ट्यूबमध्ये दूध फाटल्यासारखं पांढरं झालं.

"मीठ आहे," मामा म्हणाले.

"कुठलं सॉल्ट?"

"कुठलं काय? मीठ गं. अंड्यावर टाकतो ते. एवढं मीठ आणि वर करंट, मग स्टील काय, कुठलंही असो, खाणारच. कोणी टाकलं?"

मी बसमध्ये बसले आणि घर येईपर्यंत एकामागून एक सगळं आठवत गेलं. बरणी. पुडी. पूलचा वास. मेलेलं झाड. बारावर गेलेला काटा. दारात उभे राहिलेले बाबा.

व्हॅनचा पुढचा कप्पा उघडला. कागदाच्या पुड्या होत्या. आईच्या छोट्या पुड्या, न उघडलेल्या, एकावर एक रचून ठेवलेल्या. आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत पाऊण डबी मीठ, त्यात प्लास्टिकचा चमचा.

म्हणजे चोरून खात नव्हतेच. आपल्या वाटणीचं पण खात नव्हते.

बाबा जिन्यात बूट काढत होते. मी डबी पुढे धरली. त्यांनी ती बघितली आणि जरा लाजले. मला वाटतं त्यांना वाटलं मी खूश होईन.

"तुझे पेपर चालू होते," ते म्हणाले. "काटा सातवर आलेला. तुझे ते दाणे कुलपात. मग मला आठवलं, तू नववीत असताना शाळेत दाखवलं होतंस. ग्लासात दोन वायरी, बल्ब लागत नाही. मीठ टाकलं की लागतो. मी पहिल्या रांगेत होतो."

मी डबीचं झाकण लावलं.

"टाकलं, तर काटा लगेच वर. म्हटलं, पोरीला कशाला उठवायचं. मग रोजचंच झालं. कमी झाला की एक चमचा." मग माझ्या तोंडाकडे बघून हळू विचारलं, "का? ते नव्हतं टाकायचं?"

"मी विचारलं होतं तुम्हाला. पाण्यात काही पडतं का."

"तू विचारलंस दुसरं कोणी हात लावतं का."

तेच विचारलं होतं. वर लिहिलेलं आहे.

"आणि काकाचं एवढं झालं, तेव्हा एकदा पण मनात नाही आलं तुमच्या?"

बाबा बूट हातात धरून बसले. "तू म्हणालीस स्टील हलकं आहे," ते म्हणाले. "मॅग्नेट लावून दाखवलंस. तू शिकलेली. मला वाटलं, असेल."

१२ ऑक्टोबर

काकाच्या वर्कशॉपला गेले. बाबा येणार होते, खाली व्हॅनपर्यंत आले, मग म्हणाले टायर बघतो.

काका लोखंडी गेट वेल्ड करत होता. मागे हॉस्पिटलच्या ओट्याचा उरलेला पत्रा भिंतीला टेकवलेला, अजून निळी फिल्म न काढलेला. मी सगळं सांगितलं. तो मधे थांबला नाही, वेल्डिंग पूर्ण केलं, मग मास्क वर केला.

"माहितीये," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तू प्लेट दिलीस तेव्हापासून. मिठाचे खड्डे मला ओळखू येत नाहीत होय? सिंकमध्ये कोणी मिठाचं पाणी ठेवून गेलं तरी डाग पडतो. तू तर वर बॅटरी जोडलीस."

"मग बोलला का नाहीस तिथेच?"

"तूच म्हणालीस, पाणी दादा स्वतः भरतो. त्याचे सगळे दोस्त उभे. सकाळपासून सगळ्यांना सांगत होता, माझ्या पोरीने केलंय, माझ्या पोरीने केलंय. तिथे काय म्हणू? तुझ्या बापाने मीठ घालून वाट लावली?" त्याने गेटवर हातोडी मारून वेल्डिंगची मळी पाडली. "म्हटलं, संध्याकाळी घरी येऊन सांगेन हळूच. त्याच्या आधी त्याचाच फोन आला."

"काय म्हणाले बाबा?"

"ते राहू दे."

"काका, मी सॉरी…"

"सॉरी नको म्हणू. तुमच्या सॉरीने मला कळत नाही पुढे काय करायचं." त्याने मास्क खाली ओढला. मग आतूनच म्हणाला, "लांब उभी राहा. डोळ्यात जाईल."

१५ ऑक्टोबर

सकाळी साडेसहाला स्टँडवर गेले. सगळे असतात तेव्हा. बाबांचं नाव घेणार नव्हते, हे रात्रीच ठरवलं होतं. म्हटलं, "माझी चूक झाली. मीच पाण्यात चुकीचं काहीतरी टाकलं. काकाचं स्टील चांगलं होतं. नव्या प्लेट्सचं पण तेच झालं." लॅबमधून लिहून आणलेला कागद दाखवला.

लांबूने कागद वाचला, घडी करून परत दिला. "चांगली आहेस गं तू," तो म्हणाला. "घरचं माणूस आहे. झाकावंच लागतं."

"झाकत नाहीये. खरंच सांगतेय."

"काकाने पाठवलं का?"

"नाही."

"मग बापाने. भावाभावांचं बोलणं बंद आहे ना, ते मिटवायला. मिटव तू, आम्ही कुठे नाही म्हणतो." दुसरा एक जण म्हणाला, "पण मॅग्नेट तर चिकटलं. आम्ही डोळ्यांनी बघितलं. तूच दाखवलंस."

मी कात्रीचं सांगितलं, कडेचं सांगितलं, कापताना दाब पडतो ते सांगितलं. सगळे सप्लायर हेच सांगतात, असं कोणीतरी मागून म्हणालं. माझंच वाक्य.

बाबा व्हॅनमध्ये बसून ऐकत होते. त्यांनी दार उघडलं, एक पाय खाली ठेवला. मी मानेने नको म्हटलं. त्यांनी पाय आत घेतला. त्या क्षणी त्यांनी तो आत घेऊ नये असं मला इतकं वाटलं, की त्यांना उतरू न देणारी मीच होते हे मला घरी आल्यावर आठवलं.

२ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

सेल काढून टाकला. पाइप, प्लेट्स, पेटी सगळं. त्यानंतरचे दोन आठवडे मोजले, फक्त पेट्रोलवर. लिटरला १३.८. सेल नसताना एवढं कसं, आधी कळलंच नाही. मग एक दिवस बाबांच्या शेजारी बसून गेले. ताशी पस्तीसच्या वर जात नाहीत. वळणावर अलगद, सिग्नलला लांबूनच पाय काढून घेतात. विचारलं तर म्हणाले, "जोरात दाबलं की काटा हलायचा. सवय लागली."

म्हणजे पाण्याने काही केलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून.

काकाने तो निळ्या फिल्मचा पत्रा विकून टाकला. रविवारी आई त्याच्यासाठी ताट काढते आणि थोड्या वेळाने परत ठेवते. बाबा दोनदा वर्कशॉपपर्यंत जाऊन आले. मुलं उतरवल्यावर जातात, समोर व्हॅन लावून बसतात, परत येतात. हे मला लांबूने सांगितलं, हसत.

आई आता बाबांना पुडी देते, पहिल्यापेक्षा मोठी, भरपाई म्हणून असेल. बाबा ती तशीच परत आणतात. अंडी अळणी खातात.

मीटर काढायचं राहिलं. त्यासाठी डॅशबोर्ड खोलावा लागतो. वायर कापलीय, काटा शून्यावर पडून आहे. कागद पण अजून सन-व्हायझरला चिकटलेला, माझ्या अक्षरात. आज सकाळी मी मागच्या सीटवर होते. प्रत्येक सिग्नलला बाबा थांबायचे, आरसा बघायचे, आणि मग काट्याकडे बघायचे.